आई कधी येणार ते खरं सांगायचं

माझ्या अक्षराची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही. जोडाक्षर आलं की पेन थबकतं, आणि ओळ सरळ सुरू केली तरी पानाच्या कडेला पोचेपर्यंत खाली उतरलेली असते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. गावात तेवढीच होती. लग्न होऊन बडोद्याला आले आणि मग लिहिणं म्हणजे किराणाची यादी आणि गॅसच्या बाटल्याचा नंबर. ही वही कपाटात साड्यांखाली राहणार आहे, कोणी वाचणार नाही. तरी माफी मागावीशी वाटते, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्या बाईंनीच मला लिहायला लावलं होतं. बाई जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलं.

बाईंकडे लाल पेन होतं, पण शुद्धलेखनासाठी ते कधी उघडत नसे. बालवाडीच्या शिक्षिका व्हायला आलेल्या आम्हा बायकांना त्या एकेका मुलासमोर अर्धा तास बसवत आणि त्याने काय केलं ते लिहायला सांगत. पहिल्यांदा मी चारच ओळी लिहिल्या. त्यात एक होती, 'मुलगा रागाने बादली फेकतो.' बाईंनी 'रागाने' या शब्दावर लाल रेघ मारली.

"राग कुठे दिसला तुम्हाला?"

मी वहीत परत बघितलं.

"बादली दिसली?"

"हो."

"फेकलेली दिसली?"

"हो."

"मग तेवढंच लिहा. फेकल्यावर तो कुठे बघत होता?"

"माझ्याकडे."

"अहो, मग हे लिहिलंच नाहीत की!" बाई म्हणाल्या. "सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही पोटात ठेवली आणि नसलेला राग कागदावर मांडला."

त्या चार ओळींत नीट लिहिलेला शब्द बहुधा एखादाच असेल. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. वही परत देताना फक्त म्हणाल्या, "उद्या सहा ओळी."

मी तेव्हा एका बालवाडीत तेडागर होते. कागदावर अजूनही तीच आहे. तेडागरने सकाळी घरोघर जाऊन मुलांना आणायचं, नाकं पुसायची, चड्डी ओली झाली तर बदलायची, खिचडी वाढायची आणि सगळं झाडून कुलूप लावायचं. आमचे हे वाघोडियाला कंपनीत आहेत, वस्तीतली निम्मी माणसं तिकडेच जातात, बायकासुद्धा. त्यांची मुलं आमच्याकडे. बालवाडीच्या मोठ्या बेन गुजराती, मनाच्या चांगल्या. एक दिवस त्याच म्हणाल्या, "तमे टीचरनुं करी लो ने. छोकरां तमारी पासे ज छानां रहे छे." मुलं माझ्याजवळच रडायची थांबतात, हे खरं होतं. पण मी चार महिने हो-नाही करत काढले. मला चारचौघांत बोलता येत नाही. मग भिशीचा माझा नंबर लागला, सहा हजार हातात आले, आणि बाईंच्या क्लासची वर्षाची फी तेवढीच होती. आमचे हे म्हणाले, "कर काय करायचं ते. पण मधेच सोडून घरी बसू नको म्हणजे झालं."

खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत मसाल्याच्या दुकानावर बाईंची खोली होती. खाली धणे भाजायला घेतले की वर आम्ही सगळ्या शिंकायचो. बाई साठीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या, सुती साडीचा खालचा घोळ कमरेला खोचलेला, कारण त्यांचा सगळा दिवस जमिनीवर जायचा. खोलीत खुर्ची नव्हतीच. घरमालक भाडं मागायला आला तरी त्याला मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसावं लागे. गुडघे कानाशी घेऊन तो बिचारा दोन मिनिटांत उठून जायचा. मुली हसायच्या. बाई हसायच्या नाहीत. म्हणायच्या, "मूल तुमच्या घरात रोज असंच अडचणीत बसतं. ते उठून कुठे जाणार?"

दारातच कणकेचा मोठा डबा होता. आल्याबरोबर सगळ्यांनी आपापले मोबाईल त्यात टाकायचे. कोणाचा वाजला तर डब्यातून भुंग्यासारखा आवाज यायचा आणि बाई त्या मुलीकडे न बघता म्हणायच्या, "कोणाचं तरी पीठ रडतंय."

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला गुडघ्यांवर चालायला लावलं. पूर्ण दुपार. एक कॉलेजात शिकलेली गुजराती मुलगी रडकुंडीला आली. "बेन, घूंटण छोलाई गया!" गुडघे सोलवटले म्हणून तिने दाखवलेही. बाईंनी तिला खोबरेल तेल दिलं आणि परत गुडघ्यांवर धाडलं. शेवटी एकेकीला विचारलं, काय दिसलं? कोणी म्हणालं फळ्यावरची चित्रं, कोणी खिडकी. चित्रं बघायला तिने मान वर केली असणार. माझी पाळी आली तेव्हा मी हळूच म्हटलं, "टेबलाच्या खाली खिळा आलाय. डोक्याला लागेल." बाई स्वतः सरपटत टेबलाखाली गेल्या, बोटाने खिळा चाचपला, बाहेर आल्या, आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही पुढे बसायचं." मी काही पुढे बसले नाही. बाईच मग मागे येऊन बसायला लागल्या.

त्यांचे नियम त्यांनी कुठे लिहून लावले नव्हते, पण मोडला की कळायचं. मुलाने हात पसरल्याशिवाय त्याला उचलायचं नाही. नव्या मुलाला पहिल्या दिवशी नाव विचारायचं नाही. "आल्या आल्या नाव विचारायला ही काय पोलीस चौकी आहे? त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगेल." आणि सगळ्यांत कडक नियम आईचा. बालवाडीत मूल रडायला लागलं की आपण सगळ्याच म्हणतो, आई आत्ता येईल, ही बघ आलीच. बाईंना हे वाक्य सहन होत नसे. "आत्ता येणार नाही ना? मग आत्ता म्हणायचं नाही. तीन वर्षांच्या पोराशी आपली पहिली ओळख खोटं बोलून करायची? जे आपल्या हातात नाही ते कबूल करू नका."

नाव न विचारण्याचा नियम बाई आम्हालाही लावत. फॉर्म द्यायच्या आणि म्हणायच्या, ज्याला जेवढं सांगायचंय तेवढं लिहा. भरलेले फॉर्म न बघता खणात ठेवायच्या. शिक्षण किती या चौकोनात मी काही लिहिलं नाही. मला लाज वाटली. बाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फी घेताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं तेच मलाही सांगितलं, "वर्ष पूर्ण करा, मुलांसमोरची तपासणी पार पाडा, की सर्टिफिकेट मिळेल." ते सर्टिफिकेट अलकापुरीत ऑफिस असलेल्या एका संस्थेकडून यायचं. ते असलं तर मोठ्या बेन मला शिक्षिका म्हणून घेणार होत्या, तसं त्यांनी कबूल केलं होतं. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं. घरात कोणी नसलं की मी आरशासमोर उभी राहून 'मी टीचर आहे' एवढं एक वाक्य म्हणून बघायचे.

तपासणी जूनमध्ये बालवाडीत झाली, नवी मुलं येतात त्या आठवड्यात. प्रत्येकीला एक नवं मूल. बाई कोपऱ्यात बसून बघणार. माझ्या वाट्याला हेत्वी नावाची मुलगी आली. नाव मला नंतर कळलं. आई वाघोडियाला पॅकिंगमध्ये, कंपनीच्या बसने यायची-जायची. तिने मुलीला सोडलं आणि जवळजवळ पळतच बस गाठली. हेत्वी दाराशी उभी राहून रडत होती. "मम्मी क्यारे आवशे?" आई कधी येणार, एवढंच पुन्हा पुन्हा. क्लासमधली बाजूची मुलगी तिच्या वाट्याच्या मुलाला 'हमणां आवशे, हमणां', आत्ता येईल, असं म्हणताना मी ऐकलं आणि बाईंचं पेन हललेलंही पाहिलं.

मी तिच्यापासून थोडी लांब जमिनीवर बसले. माझी गुजराती मोडकी आहे. बोटांवर मोजत म्हटलं, "पहेलां नास्तो. पछी वार्ता. पछी चंपल. पछी मम्मी." आधी खाणं, मग गोष्ट, मग चपला घालायच्या, मग आई. तिने रडता रडता माझी बोटं पाहिली. मी परत मोजून दाखवलं. खाणं झालं तेव्हा तिने स्वतःचं एक बोट मिटलं. गोष्ट झाली तेव्हा दुसरं. मला वाटलं, झालं, जमलं आपल्याला.

साडेबाराला तिने चपला घातल्या आणि दारात जाऊन बसली. इतर मुलांच्या आया आल्या, आज्या आल्या. हिची आई आली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हेत्वी माझ्याकडे बघायला लागली. मला ते बघणं सोसेना. मी उठले, म्हटलं चपलांना माती लागलीय, आणि तिच्या चपला काढून नळाखाली धुतल्या. पुसल्या. परत हळूहळू घातल्या. मग पट्टा सैल आहे म्हणून पुन्हा काढल्या.

"बेन," बाई मागून म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

"चपला साफ करते, बाई."

"कोणासाठी?"

मी हातातली चप्पल खाली ठेवली.

"त्या पोरीने तुमच्या शब्दावर सगळी सकाळ काढली. आता तुम्ही तिच्या घड्याळाचे काटे मागे फिरवताय."

"मग काय सांगू तिला?"

"खरं."

"खरं मलाच माहीत नाही. आई कुठे अडकली कोणाला ठाऊक."

"मग तेच सांगा."

मी हेत्वीसमोर बसले. मोठ्या माणसाची माफी मागणं मला सोपं आहे, सवय आहे. तीन वर्षांच्या मुलीची मागताना जीभ वळेना. "मारी भूल थई," मी म्हटलं. "चंपल पहेरी, तोय मम्मी न आवी. क्यारे आवशे, मने खबर नथी. आवे त्यां सुधी हुं अहीं ज छुं." माझं चुकलं, आई कधी येईल ते मला माहीत नाही, येईपर्यंत मी इथेच आहे. ती मोठ्याने रडली, सकाळपेक्षाही मोठ्याने. मी हात लावला नाही. किती वेळ गेला ते आठवत नाही. मग तिने दोन्ही हात पसरले आणि मी तिला उचललं.

पाऊण तासाने आई धापा टाकत आली. बस वाटेत बंद पडली होती. बोलणी बसतील म्हणून बिचारी आधीच हात जोडत होती. हेत्वी माझ्या कडेवरूनच तिला म्हणाली, "तुं मोडी आवी," उशिरा आलीस. मग आईकडे झेपावली. बाईंनी माझ्या वहीत एकच शब्द लिहिला, 'पास.' रेघ कुठेच नव्हती.

महिन्याभराने सगळ्यांची सर्टिफिकेटं आली. माझं नव्हतं.

बाईंना वाटलं, ऑफिसात राहून गेलं असेल. मला बरोबर घेऊन त्या अलकापुरीला गेल्या. गार हवेचं ऑफिस, काचेचं टेबल. साहेब संगणकात बघत होते, तोवर बाई सवयीने फरशीवर मांडी घालून बसल्या. साहेबांनी मान वर केली तर समोर कोणीच नाही. टेबलावरून वाकून खाली बघत ते म्हणाले, "मॅडम, प्लीज, खुर्ची घ्या ना!"

"मला इथून नीट ऐकू येतं. बोला."

"यांचं दहावी पासिंग नाही. फॉर्ममध्ये काहीच लिहिलेलं नाही. दहावीशिवाय सर्टिफिकेट निघत नाही."

"वर्षभर मी यांना शिकवलंय. तपासणी मी घेतली आहे."

"ते बरोबर आहे, पण नियम आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुठल्यातरी शाळेचा दाखला आणा. मी करून देतो. कोण बघायला येतंय?"

"म्हणजे खोटा?"

"म्हणजे... कागद."

बाई उठल्या. उठायला त्यांना टेबलाचा आधार लागला, तो त्यांनी घेतला, पण साहेबांचा हात घेतला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं होतं, आणूया दाखला. मी बाईंकडे पाहिलंसुद्धा. त्या दारापर्यंत गेल्या होत्या.

रेल्वेच्या खालून रस्ता जातो त्या गरनाळ्यापर्यंत आम्ही चालत आलो. तिथल्या सावलीत त्या थांबल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मला माझ्याबद्दल प्रश्न केला.

"बेन, तुमची शाळा किती?"

"चौथी."

"मी विचारलं नाही."

"मी पण सांगितलं नाही, बाई."

"तुमचं न सांगणं वेगळं. फी मी घेतली होती." वरून गाडी गेली, ती जाईपर्यंत त्या थांबल्या. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "माझी चूक झाली. जे माझ्या हातात नव्हतं ते मी कबूल केलं. सर्टिफिकेट मिळेल असं मी आता सांगू शकत नाही. बहुतेक नाहीच मिळणार."

मी घरी येऊन भाकरी थापल्या. रडले ते दुसऱ्या दिवशी, बालवाडी झाडताना.

पुढच्या महिन्यात बाई आमच्या वस्तीत आल्या, हातात पाकीट. पाचशे रुपये. फी त्यांनी संस्थेत भरून टाकली होती, तिकडून परत मिळाली नव्हती, म्हणून पेन्शनीतून जमेल तसे देणार होत्या. मी म्हटलं, नको. त्यांनी पाकीट माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी पाकीट यायचं. आमचे हे म्हणाले, "घे ना, हक्काचे आहेत. त्यांना द्यायचेत तर आपण कशाला अडवायचं?" त्यांना कसं सांगणार? प्रत्येक पाकिटाबरोबर मला वाटायचं, बाई माझं नाव थोडं थोडं खोडतायत. फी भरलेली आहे एवढीच एक गोष्ट माझ्याकडे होती, जिच्यामुळे मी त्यांची विद्यार्थिनी होते. सहावं पाकीट मी गुपचूप त्यांच्या खणात ठेवून आले. पुढच्या वेळी त्या हजार घेऊन आल्या. चहा मात्र अर्धाच प्यायल्या.

क्लासला त्यांनी नंतर दारावर पाटी लावली. दहावी नसेल तर सर्टिफिकेट मिळणार नाही, शिकायला मिळेल, त्याची फी नाही. ज्यांच्याकडे दहावी होती त्यांनाही त्या आधी बसवून सगळं सांगायच्या, संस्था काय देते, काय देत नाही, नोकरीची खात्री नाही. इतकं खरं ऐकून बायका दुसरीकडे जायला लागल्या. दोन वर्षांत खोली मसाल्याच्या दुकानदाराने गोदामाला घेतली.

मोठ्या बेननी मला शिक्षिका केलं नाही, त्यांना करता आलं नाही. पण जूनमध्ये नवी रडणारी मुलं त्या माझ्याकडे देतात. पगार तेडागरचाच. मुलं मला काय म्हणतात ते मुलांवर आहे.

बाई शेवटच्या बालवाडीत आल्या त्या थंडीत, रिक्षाने. त्यांना उंबरा चढवेना. मी हात दिला तो त्यांनी घेतला. जमिनीवर बसायला डॉक्टरांनी मना केलं होतं, म्हणून मोठ्या बेनची खुर्ची आणली. खुर्चीत त्या कोणी परक्याच वाटत होत्या. थोडा वेळ मुलांकडे बघत राहिल्या. मग पिशवीतून पाकीट काढलं.

"हे शेवटचं."

मी हात मागे घेतला. बाईंशी मी कधी लांब बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, "बाई, हे घेतलं की मी तुमच्याकडे शिकले याचं काही राहणार नाही. कागद तर नाहीच. आता फी पण नाही. मग मी होते कोण तिथे?"

बाईंनी पाकीट मांडीवर ठेवलं. श्वास लागला होता, तो बसू दिला.

"फी सर्टिफिकेटची होती, बेन. ते मी देऊ शकले नाही, म्हणून ती परत. शिकवण्याचे पैसे मी कधी कोणाकडून घेतलेच नाहीत. तर ते परत कसे करणार? शिकलात ते राहील तुमच्याकडे."

मी पाकीट घेतलं.

"मोजा," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमचे पैसे काय मोजायचे?"

"मोजा."

मी त्यांच्यासमोर मोजले. शंभराच्या पाच नोटा.

"सगळे मिळून किती झाले?"

"सहा हजार."

"काही राहिलं?"

"नाही, बाई," मी म्हटलं. "पूर्ण मिळाले."